‘इट’ का गळतं?

इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्ष ट्रम्प यांचा १ मार्च २०२५ चा आदेश, आणि पाठोपाठ एप्रिलमध्ये इंग्रजी कमी येणाऱ्या ट्रकचालकांवर आलेली टाच, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालं आहे. तपासणीत इंग्रजी अपुरं वाटलं तर चालकाला तिथल्या तिथे गाडीवरून उतरवण्याची कारवाई त्या जूनपासून सुरूही झाली. या चर्चेत एक तक्रार सारखी कानावर येते: इतकी वर्षं इथे राहतात, पण साधं वाक्य धड बोलता येत नाही.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक आहेत. त्यांतले बहुसंख्य इंग्रजीही चांगलं बोलतात. पण जे मोठेपणी शिकायला बसतात, त्यांना छळतात ती इंग्रजीतली अगदी चिमुकली सर्वनामं. पाऊस पडत असेल तर ते ‘इज रेनिंग’ म्हणतात, ‘इट’ गाळून. ऐकणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. मला त्यात शिस्तशीर व्याकरण दिसतं.

स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हटलं की ‘मी बोलतो’ झालं, ‘आब्लास’ म्हटलं की ‘तू बोलतोस’. कर्ता क्रियापदाच्या शेवटातच बसलेला असतो. आपल्याला हे समजायला जड नाही. आपण ‘उकडतंय’ म्हणतो, तेव्हा कोण उकडतंय असं कुणी विचारत नाही. इंग्रजीला मात्र कर्त्याची जागा रिकामी चालत नाही. कुणीच नसेल तर ‘इट’ला तिथे नुसतं बसवून ठेवते.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लिडिया व्हाइट यांचं १९८५ मधलं संशोधन मला यासंदर्भात आजही सर्वांत मोलाचं वाटतं. कर्ता गाळू देणाऱ्या आणि न देणाऱ्या भाषांत मुळातच फरक असतो, अशी मांडणी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी तेव्हा नुकतीच केली होती. व्हाइट यांनी इंग्रजी शिकणारे प्रौढ निवडले: काही स्पॅनिशभाषक, काही फ्रेंचभाषक. निवड फार विचारपूर्वक होती. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, पण फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. कर्ता नसलेली इंग्रजी वाक्यं समोर ठेवल्यावर स्पॅनिशभाषकांनी ती फ्रेंचभाषकांपेक्षा अधिक वेळा बरोबर ठरवली. याहून रंजक भाग पुढे आहे. क्रियापद आधी आणि कर्ता मागून, ही रचनाही स्पॅनिशला चालते. तशा इंग्रजी वाक्यांबाबत मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे माणूस आपली भाषा सरसकट उचलून नव्या भाषेत ओतत नाही. त्याच्या नकळत निवड चालू असते, आणि तिला स्वतःचे नियम असतात.

‘हिज’ आणि ‘हर’चंही तसंच. स्पॅनिशमध्ये ‘सु माद्रे’ म्हणजे त्याची आई, तिची आई, त्यांची आई. आदराने बोलताना तुमची आईसुद्धा. मालक पुरुष की स्त्री, हे ‘सु’ सांगत नाही. आपलं ‘तिचा नवरा’ तर बायको आणि नवरा दोघांचंही लिंग एका दमात सांगतं. इनेस आंतोन-मेंदेस यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डच, इटालियन आणि स्पॅनिश भाषकांच्या बोलण्यातलं ‘हिज’ आणि ‘हर’ तपासलं. हे सगळे इंग्रजी उत्तम येणारे होते. मालकीची गोष्ट निर्जीव असताना तिघांचंही फारसं चुकलं नाही. पण आई किंवा भाऊ असं माणूस आलं, की डच लोक सावरून बोलले आणि इटालियन-स्पॅनिश भाषकांची जीभ घसरली. त्याच्या आईबद्दल बोलताना ‘हर मदर’ निघून गेलं. उत्तम इंग्रजी येणाऱ्यांची ही गत, तर दिवसभर मजुरी करून संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्याकडून आपण काय अपेक्षा धरतो?

वर्गात होतं काय, तर फळ्यावर ‘आय, यू, ही, शी, इट’चा तक्ता लिहून पाठ करून घेतात. तो सगळ्यांना पाठ होतोच. अडचण शब्द आठवण्याची नाहीच. वाक्यात एक जागा आहे आणि ती दरवेळी भरलीच पाहिजे, ही सवय लावण्याची ती अडचण आहे. त्यासाठी शिकणाऱ्यांकडून बोलून घ्यावं लागतं, पुन्हा पुन्हा, आणि चुकल्यावर न हसणारा शिक्षक लागतो. त्याला वेळ लागतो, पैसाही लागतो.

म्हणून मला इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवण्यापेक्षा त्याच्या जोडीने आलेल्या गोष्टी जास्त खटकतात. इंग्रजी कमी येणाऱ्यांपर्यंत सेवा पोचवण्याची जबाबदारी सरकारी खात्यांवर टाकणारा क्लिंटन यांचा २००० सालचा आदेश ट्रम्प यांच्या मार्चमधल्या त्याच आदेशाने रद्द केला. आणि दोनच महिन्यांनी, मे २०२५ मधल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात, शाळांमधून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकार देत असलेला ८९ कोटी डॉलरचा निधी पूर्णपणे बंद करण्याची सूचना ट्रम्प सरकारने केली.