एफ कॉर्ड धरला की हात भरून येतो? आधी दाब कमी करून बघा

बीड जिल्ह्यातल्या तेलगावची ओळख साखर कारखान्याची. इथं ट्रॉलीत उसाच्या मोळ्या भरणारे हात रोज बघायला मिळतात. पण असा दणकट हातही गिटारवर एफ कॉर्ड धरून बसला, तर पाच-दहा मिनिटांत भरून येऊ शकतो. आणि याच भागात हरिनाम सप्ताह लागला की मृदंग वाजवणारा पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत हात चालवतो, तेही सात दिवस. मग फरक कुठे पडतो?

मृदंगावर थाप पडते आणि हात सुटतो. दोन थापांमध्ये स्नायूला क्षणभर का होईना, विश्रांती मिळते. गिटारवर डाव्या हाताचं उलटं असतं. बोटं तारेवर दाबून धरलेली, अंगठा मागून रेटतोय. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह कमी होतो आणि हात जड पडतो.

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. उजवा हात डाव्या हातावर ठेवून बोटं हलवा, लगेच जाणवेल. म्हणून दुखतंही तिथंच.

यूट्यूबवर शिकणाऱ्यांची अडचण अशी की 'अरे, किती जोरात दाबतोयस' हे सांगायला समोर कुणी नसतं. त्यावर एक सोपी चाचणी आहे. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि तार छेडा, आवाज बसका येईल. आता हळूहळू दाब वाढवा. आवाज स्वच्छ झाला की थांबा. तेवढाच दाब लागतो, बहुतेक जण त्याहून बराच जास्त लावतात. बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, अगदी मागे ठेवलं तर आणखी कमी पुरतो.

कधी दोष गिटारचाही असतो. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण 70 किलोच्या आसपास जातो. त्यात स्वस्त गिटारच्या तारा बऱ्याचदा मानेपासून उंच असतात. दुकानात उंची कमी करून घ्या, पातळ तारा लावा. तेवढंही जमत नसेल तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा, ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो.

सराव दहा मिनिटं, मग दोन-तीन मिनिटं हात मोकळा. दर आठवड्याला वेळ थोडाच वाढवायचा, कारण स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंधांना महिने लागतात. हँड ग्रिपरवर पैसे घालवू नका. आवळायची सवय तर आधीच आहे, शिकायचंय ते सोडायला.

बोटांची टोकं हुळहुळली तर घाबरू नका, काही आठवड्यांत तिथं घट्टे पडतात. मनगटात कळ, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र वाजवणं लगेच बंद. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटं 1964 मध्ये आपोआप आखडू लागली, त्यानंतर कित्येक वर्षं ते प्रामुख्याने डाव्या हातानेच वाजवत होते. तो आजार मेंदू आणि स्नायूंच्या समन्वयाचा होता. नुसत्या थकव्याने प्रत्येकाला तो होत नाही, पण त्यांनी स्वतः अतिसरावाला दोष दिला होता.

दोन-तीन दिवसांत दुखणं गेलं नाही किंवा रात्री झोपेत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. गिटार वाजवतो हे त्यांना सांगा, आणि सध्या कापूस वेचणी किंवा खुरपणी चालू असेल तर तेही.