कॉटवरचं पुणं

पुण्याच्या सदाशिव पेठेत घर विकताना चौरस फुटांचा भाव सांगतात. विद्यार्थ्याला जागा देताना मात्र हिशेब कॉटचा असतो. खोली दहा बाय बाराची असली की तीन कॉट सहज मावतात आणि चौथी मालक मावून घेतो. लोखंडी कॉट, तिच्यावर पातळ गादी, कपाटाचा एक कप्पा, डोक्याशी चार्जिंगचा एक पॉइंट आणि कॉटखाली बॅग सारायला जागा. महिन्याच्या भाड्यात एवढंच मिळतं. बाथरूम कॉमन असतं, गिझर सकाळी ठरावीक वेळ चालतो आणि लाईट बिल वेगळं. याला म्हणतात कॉट बेसिस. नांदेड, परभणी, बीड, यवतमाळ, सोलापूरहून आलेली हजारो मुलं-मुली आपल्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं या एका कॉटवर काढतात. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणताना आपल्याला फर्ग्युसन आठवतं, स. प. महाविद्यालय आठवतं, 1949 साली स्थापन झालेलं विद्यापीठ आठवतं. ही कॉट कुणालाच आठवत नाही. वसतिगृहाच्या यादीत ज्यांचं नाव लागत नाही, त्यांचं शिक्षण तर तिच्याच आधारावर उभं आहे.

जागा शोधायची ती खांबांवरच्या चिठ्ठ्या वाचत. 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा' किंवा 'फक्त मुलींसाठी', खाली मोबाईल नंबर. फोन केला की अर्ध्या वेळा पलीकडे मालकाऐवजी एजंट निघतो आणि दलाली मागतो. मग जिना चढून खोली बघायची, डिपॉझिट द्यायचं, सोडताना एक महिना आधी सांगायचं कबूल करायचं. हा सगळा व्यवहार बहुधा तोंडीच होतो. पावती मागणारा मुलगा मालकाला आगाऊ वाटतो.

मालकाचीही एक बाजू आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. पेठांतले वाडे पडत गेले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठचे कितीतरी वाडे वाहून गेले, उरलेल्यांच्या जागी पुढे हळूहळू इमारती झाल्या. त्या इमारतींतल्या अनेक घरांत आज दोनच म्हातारी माणसं राहतात, मुलं परदेशी. मागची खोली रिकामी असते आणि पेन्शन पुरत नाही. चार कॉट टाकल्या की औषधपाण्याचा खर्च निघतो, घराला जागही राहते. काही काकू परीक्षेच्या दिवशी मुलाच्या हातावर दही-साखर ठेवतात. पण ज्या फ्लॅटमध्ये मालक राहतच नाही, तिथल्या हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, बंदिस्त केलेल्या बाल्कनीतही कॉट लागतात. तिथे काकू नसतात, महिन्याच्या पाच तारखेला वसुलीला येणारा माणूस असतो.

कॉटला जोडून येते ती मेस. दोन वेळचं जेवण, महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. गावी गेलेल्या दिवसांचा खाडा धरतात की नाही, यावर मेसची खरी कीर्ती ठरते. खाडा धरणाऱ्या मेसचं नाव मुलं एकमेकांना आवर्जून सांगतात. या खानावळींपैकी अनेक बायका चालवतात, आणि घरून पैसे यायला उशीर झाला तरी मुलाला पानावरून न उठवणाऱ्या बायका याच पेठांत आहेत. हे श्रेय एखाद्या इमारतीच्या कोनशिलेवर यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरगावच्या मुलाने शहरात जेवायचं कुठे आणि झोपायचं कुठे, हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. ती सोय होती, पण ती जातीच्या उंबऱ्याआत होती. उंबऱ्याबाहेरच्या मुलांसाठी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्याच्या उद्घाटनाच्या समारंभाला गेल्यानंतर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, म्हणून भाऊराव पाटलांना त्यांच्या बोर्डिंगातून काढलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. त्याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं. पुण्यात 1955 मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातल्या गरजू मुलांना राहायला जागा आणि कमवायला काम मिळवून दिलं.

एवढं सगळं होऊनही आज कॉट बघायला गेलेल्या मुलाला पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" दुसरा, "नॉनव्हेज खाता का?" सरळ नकार कुणी देत नाही. "कालच भरली हो," एवढंच सांगतात. तीच कॉट संध्याकाळी मित्राने फोन केला की रिकामी निघते. मुसलमान मुलांना आणि दलित मुलांना या वाक्याची इतकी सवय झालेली असते की ती जिना चढण्याआधी फोनवरच नाव सांगून टाकतात. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

मुलींना आणखी वेगळे नियम. रात्री ठरलेल्या वेळेला फाटक बंद, मग अभ्यासिका चोवीस तास उघडी असली तरी तिचा उपयोग मुलांनाच. अभ्यासिकेची महिन्याची फी दोघांची सारखीच असते.

पेठांत किती मुलं राहतात, हे शहराला एरवी दिसत नाही. 11 मार्च 2021 रोजी दिसलं. एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि नवी पेठेतल्या गल्ल्यांतून निघालेल्या मुलांनी शास्त्री रस्ता भरून गेला. करोनाचं एक वर्ष त्यांनी रिकाम्या कॉटचं भाडं भरत किंवा भाड्यावरून मालकाशी भांडत काढलं होतं.

आता कागदाचं बोलू, कारण तोच या व्यवस्थेत नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार लेखी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण हाच कायदा मालक स्वतः राहतो त्या घरातल्या पाहुण्या भाडेकरूला, म्हणजे पेइंग गेस्टला, परवानाधारकाच्या व्याख्येतून वगळतो. म्हणजे काकूंच्या मागच्या खोलीतल्या मुलाला निदान पावती तरी हवीच, आणि मालक दुसरीकडे राहत असलेल्या फ्लॅटमधल्या मुलांनी करारच मागायला हवा.

हा कागद भांडणापुरताच लागतो असं नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात ती वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मदत देते, त्यातले 20,000 निवासाचे. ती मिळवायला भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मालकाने सही करायला नकार दिला की ज्या मुलासाठी योजना आखली, त्याचाच अर्ज अडतो. शहरात नोंदणीची फी 1,000 रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, आणि ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. चार कॉटच्या खोलीत हा खर्च माणशी काही शे रुपयांवर येतो. तो मुलं आनंदाने देतील, मालकाने अंगठा लावायला अर्धा तास काढायचा आहे.