जुन्या छोट्या ट्रॅक्टरची तेलगळती



मृगाचे ढग दिसूं लागले, कीं नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याच्या घरांत पेरणीखेरीज दुसरा विषय नसतो. आपल्यापैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड शहरांत असलें, तरी चित्त आखाड्यावर असतें. तेथें १५-२० अश्वशक्तींचा एखादा जुना छोटा ट्रॅक्टर उभा असतो. अर्धापूरकडे तो केळीच्या रांगांतून फिरतो, लातूरकडे सोयाबीन-तुरीच्या ओळींतून. त्याच्या खालीं तेलाचा डाग दिसतो, सालगडी म्हणतो, "जुना झाला, गळणारच", आणि आपण वरून तेल ओतून मोकळे होतों. ही समजूत किती महाग पडते, आणि गळतीचें मूळ कसें शोधावें, हें आज सांगावयाचें आहे.

गिअरपेटींतील तेल दांत्यांचें घर्षण कमी करतें, उष्णता वाहून नेतें, आणि पुष्कळ ट्रॅक्टरांत मागील अवजार उचलण्याचें कामही तेंच करतें. तें कमी पडलें म्हणजे दांते व बेअरिंगें झिजतात. परंतु याहून मोठा धोका ब्रेकचा आहे. मागच्या ॲक्सलचें सील निकामी झालें, कीं तेल ब्रेकवर उतरतें. ज्यांचे ब्रेक कोरडे असतात, अशा जुन्या यंत्रांत मग एकाच चाकाचा ब्रेक लागतो, आणि भरलेली ट्रॉली मोंढ्याकडे नेतांना उतारावर ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो. ही गळती जमिनीवर कदाचित् दिसणारही नाहीं. चाकाच्या आंतल्या बाजूस ओल दिसते. म्हणून प्रथम तेथें पाहावें, आणि ओल आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊं नये.

आतां निदानाकडे वळूं. काळी माती व तेल यांचा थर बसलेला असतां गळती कोठून होते, हें कोणालाही सांगतां येणार नाहीं. म्हणून सर्व भाग डिझेल व ब्रश यांनीं धुवून कोरडा करावा. संशयित सांध्यांवर खडूची बारीक भुकटी लावावी, पंधरा मिनिटें ट्रॅक्टर चालवावा, आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर उभा करून पाहावा. तेल खालीं व मागें वाहतें. म्हणून सर्वांत वरची ओली जागा हेंच बहुधा मूळ. तेलाची ओळखही असावी. वापरलेलें एंजिनाचें तेल काळें असतें. गिअरचें दाट, पिवळसर व पुष्कळदां गंधकासारख्या उग्र वासाचें. क्लचच्या कोठीखालीं बहुधा एक छिद्र असतें. तेथून यांपैकीं कोणतें तेल ठिबकतें, यावरून दोष एंजिनाच्या मागच्या सीलचा कीं गिअरपेटीच्या पुढच्या सीलचा, हें कळतें.

सील बदलण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य पाहाव्या. पहिली, ब्रीदर, म्हणजे पेटीची श्वासनळी. चालतांना पेटी तापते व आंतील हवा प्रसरण पावते. आपल्याकडील धूळ व चिखल यांनीं ही नळी बुजली, तर कोंडलेली हवा तेलाला सीलच्या कडेनें बाहेर ढकलते. अशा वेळीं नवें सीलही गळतें, आणि दोष मिस्त्रीच्या माथीं येतो. दुसरी गोष्ट तेलाची पातळी. ती सपाट जागीं, अवजार खालीं टेकवून मोजावी. खुणेच्या वर तेल भरल्यानेंही गळती होते. तेल दुधासारखें दिसलें, तर आंत पाणी शिरलें असें समजून तें सर्व बदलावें.

उपाय दोषाप्रमाणें निरनिराळे आहेत. तेल सोडण्याच्या बुचाची तांब्याची चकती जुनी होऊन कडक होते. ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडविली, कीं पुन्हां मऊ होते. झांकणाचा सांधा ओला असेल, तर बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आंवळावे. तरीही न थांबल्यास कागदी गॅस्केट बदलावें. सील बदलतांना जुन्यावरील आंकडे पाहून त्याच मापाचें घ्यावें. तिच्या ओठाची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. दांडा हालवून पाहावा: बेअरिंग ढिलें असेल, तर नवें सील टिकणार नाहीं. दांड्यावर नखाला लागेल अशी चर पडली असेल, तर तिचाही उपाय मिस्त्रीकडून करून घ्यावा. तेलानें भिजलेले ब्रेकचे पट्टे नुसते पुसून वापरूं नयेत, बदलावे. केवळ जॅकवर तोललेल्या यंत्राखालीं कोणासही जाऊं देऊं नये; भक्कम टेकू व चाकांस अडणी हवीच.

शेवटीं तेल तेंच भरावें, जें यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलें आहे. काढलेलें तेल विहिरीजवळ अथवा ओढ्यांत टाकूं नये. आपलेंच पाणी त्यानें नासतें.

पुढल्या खेपेस आखाड्यावर जाल, तेव्हां सालगड्यास व मिस्त्रीस बरोबर घेऊन एवढी पाहणी करावी. जुन्या यंत्राला दोष देण्यापूर्वीं त्याची श्वासनळी तरी मोकळी आहे ना, हें पाहणें आपलें काम आहे.