एका पेजसाठी किती डिस्क?

नवा सर्व्हर येतो, आठ डिस्क बसतात, रेड बांधायला कंट्रोलरचा मेन्यू उघडला की प्रश्न येतो: स्ट्राइप साइज? समोर 16 केबीपासून 1 एमबीपर्यंतचे पर्याय असतात. बहुतेक जण आहे तो आकडा तसाच ठेवून एंटर दाबतात. पुष्कळदा तो चालूनही जातो. पण डेटा भरल्यावर आकडा बदलायचा, तर बहुधा सगळं बॅकअपवर काढून रेड नव्याने बांधावं लागतं. म्हणून एंटर दाबण्याआधी पाच मिनिटं हिशेब केलेला बरा.

आधी नावांचा घोळ. रेडमध्ये डेटाचे सारखे तुकडे करून ते पत्ते वाटावेत तसे डिस्कना पाळीपाळीने वाटले जातात. एका डिस्कवर सलग बसणारा तुकडा म्हणजे चंक. वाटपाची एक फेरी पूर्ण झाली की होते ती पूर्ण स्ट्राइप. कंट्रोलरच्या मेन्यूतली ‘स्ट्राइप साइज’ म्हणजे पुष्कळदा चंकच असतो, पण काही ठिकाणी पूर्ण स्ट्राइपही. मॅन्युअल बघून घ्यावं. इथे आपण चंकबद्दल बोलू.

आता डिस्कचा वेळ कुठे जातो ते पाहू. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, 4.2 मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आठेक. झाले 12. आणि प्रत्यक्ष 16 केबी वाचायला? सेकंदाला 150 एमबीच्या वेगाने फक्त 0.1. सगळा वेळ प्रवासातच जातो. त्यामुळे अशी डिस्क सेकंदाला 80 च्या आसपासच सुटी वाचनं करते.

मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन मुळात 16 केबीच्या पेजमध्ये डेटा ठेवतं. समजा चंक 4 केबीचा ठेवला. एक पेज चार डिस्कवर विभागलं. चौघांनी मिळून काम लवकर उरकावं, असं वाटतं. प्रत्यक्षात वाचले 0.1 मिलिसेकंदातले काही अंश, आणि त्यासाठी चार हेडना धावाधाव. शिवाय पेज पूर्ण व्हायला सगळ्यात उशिरा पोचणाऱ्या डिस्कसाठी थांबायचं. आपापल्या तालात फिरणाऱ्या चार डिस्कमधल्या शेवटच्या डिस्कची वाट सरासरी चार पंचमांश फेरी, म्हणजे 6.7 मिलिसेकंद बघावी लागते. आठ डिस्कची मिळून 640 वाचनं होतात. पण प्रत्येक पेज चार डिस्क अडवत असेल तर हाती लागतात 160 पेज. म्हणून पहिला नियम: सुट्या वाचनांच्या डेटाबेसमध्ये एका पेजसाठी एकच डिस्क हलली पाहिजे.

मग चंक नेमका पेजएवढा, 16 केबीचा ठेवावा का? इथे अलाइनमेंट आडवं येतं. जुन्या पद्धतीची पार्टिशन 63 व्या सेक्टरपासून सुरू होत. त्यामुळे पेजच्या कडा आणि चंकच्या कडा जुळत नसत. चंक 16 केबीचा असेल तर अशा पार्टिशनवर प्रत्येक पेज दोन डिस्कवर पसरतं. 64 चा असेल तर चारांतलं एक, 256 चा असेल तर सोळांतलं एक. आजची साधनं पार्टिशन 1 एमबीपासून सुरू करतात, त्यामुळे कडा जुळतात. पण जुन्या सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी क्लोन केली असेल तर तपासून घ्यावं.

उलट टोक गाठून चंक प्रचंड मोठा केला, तर आज भरल्या जाणाऱ्या, सतत लागणाऱ्या नोंदी एकदोन डिस्कवरच गोळा होतात. त्या घामाघूम, बाकीच्या निवांत.

रेड 5 मध्ये आणखी एक खर्च असतो. एक पेज बदलायचं तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा: चार कामं. 1988 च्या मूळ शोधनिबंधातच पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हा हिशेब मांडला होता. पूर्ण स्ट्राइप एकदम लिहिली तर जुनं वाचावं लागत नाही. पण चार डेटा डिस्क आणि 256 केबी चंक म्हणजे 1 एमबीची स्ट्राइप; 16 केबीच्या विखुरलेल्या पेजनी ती भरत नाही. चंक बारीक करून ती भरायला जावं, तर वाचनं मार खातात. लिखाण जास्त असेल तर खरा उपाय रेड 10. डेटाबेसच्या लॉगसाठी दोन डिस्कचा वेगळा मिरर, म्हणजे रेड 1, ठेवावा. रेड 1 मध्ये वाटप नसतंच, त्यामुळे चंकचा प्रश्नच येत नाही.

व्यवहारात बिलिंग-बुकिंगसारख्या कामाला 64 ते 256 केबी, मोठे रिपोर्ट काढणाऱ्या डेटाबेसला 512 केबी ते 1 एमबी, इथून सुरुवात करावी. एक्सएफएस फाइल सिस्टिम बनवताना चंक आणि डेटा डिस्कची संख्या सांगावी. आठ डिस्कच्या रेड 10 मध्ये ही संख्या चार असते. सवयीने आठ लिहिलं जातं. एसएसडीला हेड नाही, म्हणून चुकीची शिक्षा हलकी. तरी पेज तुटलं की विनंत्या वाढतातच.

शेवटी चाचणी. मोठी फाइल कॉपी करून वेग मोजू नये. त्या परीक्षेत 4 केबीचा चंकही पास होऊ शकतो. एफआयओ या चाचणीच्या साधनाने 16 केबीची सुटी वाचनं-लेखनं, रोज जितके लोक एकदम येतात तितक्या रांगेने चालवावीत आणि सरासरीऐवजी सगळ्यात रखडलेल्या एक टक्का विनंत्यांचा वेळ पाहावा. काउंटरपाशी ताटकळणारा माणूस त्या एक टक्क्यातच असतो.