डोंगरापलीकडचा बिनतारी संदेश

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराच्या पाण्याखाली गेले. वीज गेली, मोबाइल मुके झाले. अशा वेळी आधार बिनतारी संचांचा. परंतु रत्नागिरी जिल्हा डोंगरदऱ्यांचा. या संचांच्या लहरी साधारणतः सरळ जातात. डोंगर आड आला की संदेश तुटतो. म्हणून उंच माथ्यावर रिपीटर बसवितात. तो एका कंप्रतेवर संदेश घेऊन त्याच क्षणी दुसरीवर पुढे पाठवितो. म्हणजे कंप्रता दोन लागतात, आणि त्या तर मोजक्याच! माथा जितका उंच, तितकी लहर दूर जाणार, आणि तितक्याच टापूत ती कंप्रता दुसऱ्यास देता येत नाही. दिल्यास दोघांचेही संदेश एकमेकांत मिसळतात. हे वाटप १९५२ पासून केंद्राची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. राज्य पोलीस दलासही तिची अनुमती लागते. मनोऱ्याची जागा व उंचीही तपासली जाते.