ठिणगीवर पाळत

दिल्लीची हवा हिवाळ्यात फार बिघडली की 'ग्रॅप' या प्रदूषण-नियंत्रण आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होतो आणि नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध येतात. बंद ठेवायच्या कामांत मोठे वेल्डिंग आणि गॅस कटिंग असते. प्लंबिंग, वीज, एसीच्या कामातले किरकोळ वेल्डिंग मात्र चालते. प्रदूषणाच्या हिशेबाने ही सवलत रास्त. आगीच्या हिशेबाने मात्र हे 'किरकोळ' कामच जास्त धोक्याचे. उघड्या सांगाड्यावर पेट घेण्यासारखे फारसे काही नसते. पाइप जोडायची वेळ येते तोवर इमारतीत फोम, थर्माकोल, केबल, पुठ्ठे, थिनरचे डबे येऊन पडलेले असतात.

वेल्डिंगच्या आर्कचे तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि लोखंड दीड हजारावर वितळते. ठिणगी म्हणून आपण जे पाहतो ते या वितळलेल्या लोखंडाचे थेंब. गॅस कटिंगमध्ये तर ऑक्सिजनचा झोत वितळलेला धातू जोराने बाहेर फेकतो. हे थेंब जमिनीवर आपटतात, फुटतात, घरंगळतात. म्हणून कामाच्या चहूबाजूंनी अकरा मीटरपर्यंत पेटणारे काही ठेवू नये, असा जगभरचा दंडक आहे. जे हलवता येत नाही त्यावर फायर ब्लँकेट टाकायचे.

हा दंडक सपाट जमिनीपुरता. बांधकामावर पाइपसाठी ठेवलेली भोके, डक्ट, लिफ्टचा शाफ्ट हे सगळे उघडे असते, आणि ठिणगी तिथून खालच्या मजल्यावर उतरते. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर हेच झाले. वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते. वितळलेला धातू फटीतून खाली छतातल्या थर्माकोलवर पडला. १७ माणसे गेली.

वेल्डरला यातले काही दिसत नाही. काळ्या काचेतून त्याला फक्त आर्क दिसतो. म्हणूनच दुसरा माणूस लागतो, फायर वॉचर. हातात अग्निशामक घेऊन तो ठिणग्या कुठे जातात ते पाहतो. खाली भोक असेल तर खालच्या मजल्यावरही एक जण हवा. वेल्डिंग थांबल्यावर फायर वॉचरचे खरे काम सुरू होते, कारण भुसा, चिंध्या, कापूस आतल्या आत धुमसत राहतात आणि ज्वाळा दिसते तेव्हा सगळे जेवायला गेलेले असतात. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकात पूर्वी अर्धा तास पाळत ठेवायला सांगितले होते. २०१९च्या आवृत्तीत ती एक तास झाली.

आग दुसरीकडेच लागण्याची आणखी एक वाट आहे. वेल्डिंग मशीनची परतीची वायर जोडाजवळ लावायची असते. साइटवर ती सर्रास लांबच्या एखाद्या सळईला अडकवतात. मग प्रवाह सापडेल त्या लोखंडातून परततो आणि वाटेतला ढिला सांधा तापतो. गॅस सिलिंडरचा धोका वेगळा. अॅसिटिलिनचा तपकिरी-लाल सिलिंडर उभाच ठेवायचा, कारण आत गॅस अॅसिटोनमध्ये विरघळलेला असतो. आडव्या सिलिंडरमधून अॅसिटोनच बाहेर येऊ शकते. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरला तेल-ग्रीसचा हात नको. आणि ऑक्सिजनने कपड्यांवरची धूळ उडवायची खोड तर जिवावर बेतणारी: ऑक्सिजन मुरलेला सदरा एका ठिणगीने भडकतो.

पुण्यात मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या काम चालू असलेल्या इमारतीत २१ जानेवारी २०२१ रोजी आग लागली. पाच कामगार गेले. वेल्डिंगची ठिणगी आणि ज्वालाग्राही इन्सुलेशन, असा तेव्हाचा प्राथमिक अंदाज होता. आटोक्यात आलेली आग त्याच इमारतीत संध्याकाळी पुन्हा उफाळली.

कागदावर सगळे आहे. वेल्डिंग-कटिंगमधल्या आगीच्या खबरदारीसाठी आय.एस. ३०१६ हे भारतीय मानक कित्येक वर्षांपासून आहे. मोठ्या साइटवर हॉट वर्क परमिटही असते: जागा, वेळ, कोणी काय हटवले, पाळतीला कोण. पण केबिनमध्ये बसून सही केलेल्या परमिटला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. सही करणाऱ्याने ती जागा, आणि तिच्या खालचा मजलाही, पाहिला पाहिजे. ठेकेदाराला फायर वॉचर म्हणजे फुकटची हजेरी वाटते, म्हणून त्याची मजुरी वेगळी धरून कामाच्या दरातच लिहायला हवी.

तुमच्या सोसायटीत ग्रिलचे किंवा पाइपचे वेल्डिंग निघाले, तर खालच्या मजल्यावर कोण उभे आहे ते विचारा, आणि काम संपल्यावर तासभर त्याला तिथून हलू देऊ नका.