गेममधल्या गाडीला टर्बो लावायचा की नको? क्रेडिट उडवण्याआधी हे वाचा

ग्रान टुरिस्मो ७ किंवा फोर्झा होरायझन ५ खेळणाऱ्या पोरांचं ठरलेलं असतं, क्रेडिट जमले की सगळ्यात महागडा टर्बो घ्यायचा. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट पळते, पण वळणावळणाच्या ट्रॅकवर कमी ताकदीची गाडी पुढे निघून जाते. असं का होतं?

फरक हवेचा

इंजिनात जेवढी हवा जाईल, त्या मापातच इंधन जळतं. साध्या म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं.

आपल्या रस्त्यावरचंच उदाहरण घ्या. मारुती बलेनोचं १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ४,४०० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर टॉर्क देतं. टाटा नेक्सॉनचं १.२ लिटरचंच टर्बो पेट्रोल इंजिन १७० देतं, तेही १,७५० आरपीएमपासून. इंजिन तेवढंच, ओढ दीडपट.

मग वळणावर काय बिघडतं?

वळणात ॲक्सिलरेटर सोडला की धूर कमी होतो आणि चक्र मंदावतं. परत दाबला तरी जोर यायला क्षणभर वेळ लागतो. यालाच टर्बो लॅग म्हणतात. टर्बो जेवढा मोठा, तेवढा लॅग जास्त. त्यात जोर एकदम आला की चाकं जागेवर फिरतात आणि गाडी घसरते. साधं इंजिन पाय दाबताच साथ देतं, पण त्याची खरी ताकद वरच्या आरपीएमला असते. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन पूर्ण ताकद ८,३०० आरपीएमला देतं.

कुठे काय लावायचं?

- वळणांचा ट्रॅक: साधं इंजिन ठेवा. एक्झॉस्ट बदला, वजन कमी करा, गिअर जवळजवळ ठेवा म्हणजे आरपीएम पडणार नाही.
- लांब सरळ रस्ता: हाय-आरपीएम टर्बो.
- दोन्ही असेल तर: लो-आरपीएम टर्बो. जोर लवकर येतो, वरचा वेग थोडा कमी मिळतो.
- शर्यतीला पीपीची मर्यादा असेल तर सगळे गुण टर्बोवर घालवू नका. टायर आणि सस्पेन्शनसाठी शिल्लक ठेवा.

खऱ्या गाडीवर प्रयोग नको

गेममध्ये सेटिंग चुकली तर परत बदलता येते. खऱ्या गाडीत तसं नसतं. जास्त दाबाची हवा न झेपल्यास इंजिन बसतं, विम्याचा क्लेमही अडकू शकतो. शिवाय आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे गाडीत काही बदलायचं असेल तर गॅरेजच्या आधी आरटीओत विचारा.